कंदिलातलं घर

पोरगा पुण्याले नोकरीले लागला, तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं दर साली थोडं थोडं आटत गेलं. पहिले तो मेसचं जेवण, खोलीतले पोरं, साहेबाचा स्वभाव, सारं सांगायचा. मागच्या उन्हाळ्यापावेतो चारच वाक्यं उरले होते. मी विचारायची, "जेवला का?" तो म्हणायचा, "हो." मी विचारायची, "तब्येत?" तो म्हणायचा, "बरी आहे, ठेवतो." भांडण नाही, राग नाही. विहिरीचं पाणी खाली गेलं तं माणूस कोणावर रागावन? पण माह्या जिवाले एकच लागून होतं, का ह्या पोरानं एकदा तरी पोटभर बोलावं.

त्याचा शाळेच्या वेळचा कॉम्प्युटर आमच्या केनवडच्या घरी मधल्या खोलीत लुगड्याच्या तुकड्याखाली झाकून होता. त्यात त्याचे लहानपणचे फोटो होते. तेवढ्यासाठी म्हटलं, चालू होते का पाहू. खालचा डबा चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि यष्टीनं रिसोडले गेली. कंडक्टर म्हणे, "काकू, लेकरू आहे का सामान?" म्हटलं, "लेकराचंच सामान आहे." त्यानं सामानाचं तिकीट नाही फाडलं. दुकानवाल्यानं आतली धूळ उडवली, एक भाग बदलून देला आणि कोणती वायर कुठं लावायची ते कागदावर काढून देलं.

घरी आणून लावला. फोटो सापडले, ते पाहून झाले. बाजूले एक बारकं कंदिलाचं चित्र होतं. हे काय म्हणून मी त्यावर बाण नेला आणि दोनदा दाबलं.

पडदा काळा झाला. मंग हळूहळू संध्याकाळच्या उजेडातलं एक घर वर आलं. दोन मजल्याचं, फाटक लोटलेलं, एका खिडकीत पडदा हालत होता. मी खुर्चीवर सावरून बसली. फाटकावर बाण नेला तं त्या बाणाचा हात झाला. खिडकीवर नेला तं डोळा झाला. घडीभरात माह्या ध्यानात आलं, का हात म्हणजे उचल नाही तं उघड, आणि डोळा म्हणजे नुसतं पाहा. कोणी शिकवलं नाही. वाचायलेही मी अशीच शिकली होती, किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून.

खेळ भूत शोधायचा होता. थैलीत थंडी मोजायचं यंत्र, कॅमेरा आणि भूत कोंडायची एक पेटी देलेली. भीती नाही वाटली, खोटं कायले बोलू. मले नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. भिताडात एक खुंटी होती, रिकामी. तिच्यावर डोळा ठेवला तं खाली इंग्रजीत एक ओळ उमटली. मले इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, जोडता येत नाहीत. पण कोण्यातरी माणसानं त्या रिकाम्या खुंटीसाठी एक वाक्य लिहून ठेवलं होतं. फुटक्या बशीसाठी, पायपुसण्यासाठीही. माह्या घरातल्या खुंटीकडं साठ वर्षांत कोणी असं पाह्यलं नसन.

हे दारातून म्हणाले, "काय पाहून राह्यली वं?"

"भूत."

"मंग आरशात पाहा ना. लाइट तरी वाचन."

"आरशात तुमी मागं उभे दिसता."

ते गेले गोठ्याकडं हसत. मी खेळत राह्यली. रोज दुपारी, जेवणं झाल्यावर. दिसन ते थैलीत टाकत गेली. सुतळी, बुच, गंजकी किल्ली, सैपाकघरातला काचेचा पेला. मले सवयच आहे, चांगली वस्तू टाकून देत नाही.

चौथ्या दिवशी तळघरात अडकली. उतरता आली, वर काही येता येईना. पोराले फोन लावला.

"जेवला का?"

"हो."

"बरं आयक, ते कंदिलाचं घर आहे ना, त्या तळघरातून वर कसं यायचं?"

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई, तू ते खेळून राह्यली?"

"मंग काय करू, अडकली ना मी खाली."

तो असा हसला, का ते हसणं मी कॉलेजापासून आयकलं नव्हतं. म्हणे सुतळी काढ, किल्लीले बांध, जाळीतून वर फेक. एक एक गोष्ट सांगत गेला. घड्याळात पाह्यलं तं वीस मिनिटं झाले होते.

तेव्हापासून आमचे फोन लांबले. त्याची जेवणाची सुटी आणि माही दुपार, दोन्ही एकाच वेळेले. "घड्याळाच्या खोलीत गेली का? पियानोले हात नको लावू एवढ्यात." पंधरा सालानंतरही त्याले कोणत्या फडताळात काय आहे ते तोंडपाठ होतं. मले म्हशीचे दात सांगता येतील तसं.

मंग एक दिवस लाइट गेली. मी तीन दुपारी खपून वरच्या माळ्याच्या जिन्यापावेतो आली होती. लाइट परत आल्यावर पाहते तं मी पुन्हा खालच्या सैपाकघरात, थैली अर्धी रिकामी. माह्या डोळ्यात पाणीच आलं. पोराले सांगितलं.

तो म्हणे, "तो खेळ आपोआप कुठं कुठंच सेव होते. तू सेव करत जा ना आई, मधीमधी. माह्यंही तसंच झालं होतं. मी तं त्या माळ्यावरच्या बाईपावेतो पोचलो होतो. दाराशी बसलेली राहते ती. तेवढ्यात तू बटन बंद केलं."

"मी?"

"दहावीच्या साली. तू म्हणाली, आता पुस्तक घे. आणि बोर्डावरचं बटनच पाडलं." तो सहज बोलत होता. "मंग परीक्षा आली. पुन्हा नाही खेळलो. ती खोली पाहायची राहूनच गेली."

मले ते बटन आठवलं. दाराच्या मागं आहे, अजूनही तेच आहे. त्या दिवशी हात पिठाचे होते म्हणून मी कोपरानं पाडलं होतं. पोरगं उठलं आणि पुस्तक घेतलं. मले वाटलं होतं, किती गुणाचं आहे.

"चुकलं बाबू माह्यं."

"जाऊ दे ना आई. तिथं पोचली का फोन कर."

फोन ठेवल्यावर मी त्या खोलीत तशीच बसून राह्यली. एवढीशी खोली, एका बाजूले धान्याच्या कोठ्या, एका बाजूले हे टेबल. आणि ह्याच खोलीत एवढं मोठं घर होतं. तळघर, माळा, घड्याळाची खोली, सारं. माह्यं पोरगं त्यात एकटं कंदील घेऊन फिरत होतं आणि मी भिताडापलीकडं भाकरी थापत होती. मले वाटायचं, तो माह्या नजरेसमोर आहे. अंगावर काटा आला माह्या, त्या पडद्यावरच्या भुतापायी नाही आला कधी तसा.

ठरवलं, ती खोली पाहायची. त्याले दाखवायची.

आठ दिवस लागले. दर खोलीत गेली का सेव. आठव्या दिवशी जेवणाआधीच बसली. माळ्यावर पोचली तं बाई होतीच दाराशी. पांढरी, पायांमधून मागची फरशी दिसन अशी, दाराले पाठ टेकून. पोराले फोन लावला आणि तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"यंत्र लाव तिले."

लावलं. काटा हालला, बाई नाही हालली.

"कॅमेरा?"

तोही मारला. पेटीही उघडून पाह्यली. तिनं तोंड फिरवलं.

"हेच तं मी करत होतो," तो म्हणे. "इथंच अडकलो होतो."

मी तिच्याकडं पाह्यलं. आमच्या दारात कोणी येऊन बसलं, ओळखीचा असो का बिनओळखीचा, तं पहिले काय करतो आपण? त्याले यंत्र लावतो का? मी थैलीतला पेला काढला. मागं न्हाणीत नळ होता, तिथं जाऊन भरला, आणि बाईसमोर नेला.

बाणाचा हात झाला.

"आई, काय झालं? सांग ना."

"थांब. ती पाणी पिऊन राह्यली."

बाईनं पेला खाली ठेवला, उठली आणि भिताडाच्या कडेनं निघून गेली, पाव्हणा जाते तशी. दार आपोआप उघडलं.

"कोणी सांगितलं तुले पाण्याचं?"

"दारात आलेल्याले पाणी विचारतात बाप्पा. आतमधी जाते, तू आयक."

मंग मी त्याले सांगत गेली. खोली रिकामी आहे. खिडक्या आहेत, एक एक उघडून राह्यली. उजेड येऊन राह्यला. मधोमध एक चौरंग, आणि चौरंगावर एक घर. लाकडाचं, पेटीएवढं. "अरे, हेच घर आहे रे. फाटक आहे, जिना आहे, ती फुटकी बशीही ठेवली, जोंधळ्याएवढी."

"वरच्या खोलीत काय आहे?" त्याचा आवाज पार बारका झाला होता, दहावीतल्यासारखा.

मी डोळा नेला. वरच्या खोलीत त्याच्याहून लहान चौरंग होता. त्यावर पुन्हा एक घर, तिळाएवढं, त्याच्यातही एक दिवा. मी सांगितलं.

मंग खालून वर नावं चढू लागली.

"हे कोण रे?"

"ज्यांनी बनवलं ते."

"एवढे लोक? एका भुतासाठी?"

मी सगळे नावं जाऊ देले. वाचता नाही आले, पण उठली नाही. पोरगंही थांबलं. शेवटी हे दारात येऊन म्हणाले, "वरण लागलं वं. पार अंगणापावेतो वास आला."

फोनमधून हसू आलं. "आई, तू जेवली का?"

म्हटलं, "कुठची जेवते. ठेवू नको, गॅस बंद करून येते."

बुडाले लागलेलं वरण उतरवलं, खिडकी उघडली, हात धुतले. परत आली तं फोन चालूच होता.