राईचा खंड्या आणि चेण्यातली चप्पल

ही गोष्ट नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला नाही, आणि आमच्या फोटोग्राफी क्लबात तर कुणालाच नाही. माझ्या तोंडून ती ऐकणारे तुम्ही पहिलेच. पण सुरुवात मी आमच्या मोठेपणापासून करणार आहे — कारण तो मोठेपणा खरा आहे, आणि सांगताना माझी छाती अजूनही फुगते.

भाईंदर पश्चिमेच्या एका हॉलमध्ये आम्ही ‘चेण्याच्या बायका’ नावाचं प्रदर्शन लावलं होतं. आम्ही म्हणजे कोण? मी विमा कचेरीत, क्लब चालवणारे जिग्नेशभाई हार्डवेअरच्या दुकानात, बाकी असेच. रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून बाहेर पडणारी, आणि घरच्यांच्या मते काहीच उद्योग नसलेली माणसं. आदल्या वर्षीच्या आमच्या प्रदर्शनाला फक्त आमचेच नातेवाईक आले होते, तेही चहा मिळतो म्हणून. आणि या वेळी? पाय ठेवायला जागा नव्हती! चेणे गावातून बायका टेम्पो करून आल्या. स्वतःचे फोटो ओळखून एकमेकींना ढोसत होत्या, टाळ्या पिटत होत्या.

मधल्या भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो होता. नदीकाठच्या मैदानात चेण्याची रंजनाताई बॅट फिरवतेय. पदर कमरेला खोचलेला, चेंडू नुकताच बॅटवरून सुटलेला, आणि पायातली चप्पल उडून हवेत — चेंडूच्याही वर! रंजनाताई त्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि अख्ख्या हॉलला विचारू लागली, “हाय का न्हाय सिक्सर?” होताच. कोण नाही म्हणणार?

तो फोटो क्लबातल्या शेलारकाकांनी काढलेला. काका बँकेतून निवृत्त झालेले, हात थोडे थरथरायचे, पण पक्ष्यांचं भयंकर वेड. या फोटोने आमच्या क्लबचा नूरच पालटला. तोपर्यंत आम्ही सूर्यास्त आणि बगळे यांच्या पलीकडे जात नव्हतो. त्यानंतर कुणी मिरा रोडच्या सलूनमध्ये जाऊन बसायला लागलं, कुणी मोरव्यात जाळी विणणाऱ्यांशी गप्पा मारायला. माणसांना नाव विचारून फोटो काढायचा, हे आम्ही चेण्याला शिकलो.

आणि त्या दिवशी शाल-श्रीफळ कुणाला मिळालं? मला.

जिग्नेशभाईंनी माइक हातात घेऊन सांगितलं, “चेण्याला जायचा आयडिया मॅडमचा. खुद घरी राहिल्या, पण आपल्याला बरोबर जागी पाठवलं!” टाळ्या पडल्या. शाल प्रदर्शनासाठी खास नागपूरहून आलेल्या शेलारकाकांनीच माझ्या खांद्यावर घातली. मी मान लववली. हसले. नारळ घेतला — आणि घरी जाऊन दुसऱ्याच दिवशी त्याची चटणी केली. बघा, मी कशी बाई आहे ते.

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे — थोडा वेळ द्या.

काळ्या टोपीचा खंड्या तुम्ही पाहिलाय? आपला नेहमीचा खंड्या नव्हे. पाठ अशी निळी, की बाकी सगळे निळे रंग त्याच्यापुढे धुवट वाटावेत. डोक्यावर काळी टोपी आणि चोच लालभडक. हिवाळ्यात एखादाच येतो आपल्याकडे. तो राई गावच्या खाडीत, तिवरांच्या मागे येत असावा, हे शेलारकाकांनी शोधून काढलं होतं. दोन हिवाळे ते त्या चिखलात पाय रुतवत फिरले. लांबून निळं काहीतरी उडताना दिसलं, तेवढंच. जागा त्यांनी क्लबातल्या एकाच माणसाला दाखवली. मला. माझं घर तिथून जवळ, म्हणून म्हणाले, “तुम्ही लक्ष ठेवा हो. दिसला तर लगेच फोन करा.”

प्रदर्शनाच्या आधीच्या त्या हिवाळ्यात, एका महिन्याच्या अखेरीला काका नागपूरला मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते. इथला त्यांचा शेवटचा रविवार क्लबने त्यांच्यासाठी राखून ठेवला होता — काका म्हणतील तिथे जायचं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी राईला गेले. आणि तो होता! मासेमारीसाठी रोवलेल्या एका बांबूवर, मला पाठ करून, अगदी ऐटीत. उजेड जवळजवळ संपलेला, फोटो येणं शक्य नव्हतं. पण जागा पक्की झाली होती. सकाळी तो तिथेच येणार, हे मला आतून कळलं होतं.

घरी आले आणि काकांचा फोन आला. “उद्या शेवटचा रविवार. राईला काही दिसतंय का?”

मी म्हणाले, “काहीच नाही काका. नुसता चिखल आहे. तुम्ही सगळे चेण्याला जा, नदीवर साधा खंड्या तरी हमखास मिळेल. मला यायला जमणार नाही, पाहुणे आहेत.”

झालं. हेच ते.

पाहुणे कसले? मला तो पक्षी एकटीला हवा होता. क्लबात पहिला माझा फोटो हवा होता. विचार करायलासुद्धा मला वेळ लागला नाही — याची मला अजून भीती वाटते. खोटं असं झटकन निघालं, जसं काही जिभेवर तयारच होतं.

सकाळी मी राईला आणि ते चेण्याला. तो आला, त्याच बांबूवर बसला, आणि या वेळी माझ्याकडे तोंड करून. मी फोटो काढला. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो! टोपीचं काळं, चोचीचं लाल, डोळ्यातला उजेडाचा ठिपका — सगळं लख्ख. मी खाडीच्या बांधावर एकटीच नाचले. खरंच नाचले, पाय घसरून पडलेसुद्धा.

तिकडे चेण्याला एकही पक्षी दिसेना. कंटाळून सगळे मैदानाकडे वळले, तर तिथे गावातल्या बायका स्पर्धेसाठी क्रिकेटचा सराव करत होत्या. हात थरथरतात म्हणून, आणि खंड्या झेपावताना मिळावा म्हणून, काकांनी शटरचा वेग खूप वाढवून ठेवला होता. पक्षी आला नाही. चप्पल उडाली. हवेत थिजून राहिली ती त्यामुळेच.

तुम्ही म्हणाल, मग वाईट काय झालं? त्यांचं तर भलंच झालं. हेच मीही स्वतःला किती वर्षं सांगत आले. पण काका चप्पल शोधायला निघाले नव्हते. दर हिवाळ्यात त्यांचा नागपूरहून फोन येतो, “या वर्षी दिसला का हो?” आणि दर वर्षी मी म्हणते, “नाही काका.”

आज दुपारपर्यंत माझा खंड्या कुणीच पाहिलेला नव्हता. आमच्या क्लबात फोटोखाली तारीख आणि ठिकाण लिहावंच लागतं, आणि ती तारीख लिहायची मला छाती झाली नाही. खोटी तारीख घालायचीही झाली नाही.

उद्या क्लबचं नवं प्रदर्शन उघडतंय. जुने गाजलेले फोटोही लावलेत. उद्घाटनाला शेलारकाका नागपूरहून येताहेत. आज दुपारी मी खंड्याचा मोठा प्रिंट जिग्नेशभाईंच्या हातात दिला, खाली ठिकाण आणि खरी तारीख घातलेला. त्यांनी प्रिंट उजेडात धरला. “क्या बात है, मॅडम!” मग त्यांनी खालची ओळ वाचली. त्या रविवारी चेण्याला गाडी तेच घेऊन गेले होते.

“ये तो उसी संडे का है,” ते म्हणाले.

मी हो म्हणाले. त्यांनी हातोडी आणि खिळे उचलले.

फोटो कुठे लावायचा, ते मीच सांगितलं. काकांच्या फोटोशेजारी. दोन्हींखाली एकच तारीख आहे. काका फोटो बघण्याआधी खालची ओळ वाचतात, चष्मा कपाळावर सरकवून, अगदी जवळ जाऊन. उद्याही तसंच वाचतील. मी तिथेच उभी असेन.