डॅकची पूजा आणि माझा डावा कान

माझं सगळं काम कानावर चालतं. पुण्याच्या एका ऑफिसातून मुलाखतींची रेकॉर्डिंग येतात, ती ऐकून मी शब्द न् शब्द टाइप करून परत पाठवते. जुन्या शेतीचा अभ्यास करणारी माणसं गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांशी बोलतात, आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवायला ऑफिसला आमच्या भागातलीच कुणीतरी लागते. रहिमतपुरात घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे. नवरा फौजेत, लांब. घरात मी, सासरे आणि सासूबाई. त्यांना मी मामा आणि आत्या म्हणते.

कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकात मात्र कायम खरखर. माउस हलवला तरी कानात किर्र व्हायचं. म्हातारी तोंडातल्या तोंडात काय पुटपुटली ते त्या खरखरीतच जायचं. दोन कामं चुकांसाठी परत आली. ऑफिसातल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "तिसरं परत आलं तर जरा विचार करावा लागेल." गोड आवाजाची मला जास्त भीती वाटते.

त्यातच डावा कान जड वाटायला लागला. सांगलीला जाऊन दाखवला. डॉक्टर म्हणाले, "डाव्याला थोडं कमी येतंय. दोन आठवड्यांनी परत तपासू. वाढत असेल तर बघावं लागेल." बघावं लागेल म्हणजे काय, हे विचारायची हिंमत झाली नाही. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारी मी, तिथं नुसती मान हलवून बाहेर आले. कान गेला तर काम गेलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

परतताना तिथल्याच एका दुकानातून डॅक घेतला. डॅक म्हणजे तळहातावर मावणारी लोखंडी डबी. कॉम्प्युटरमधला आवाज यूएसबीच्या वायरनं हिच्यात येतो, ही तो स्वच्छ करून हेडफोनला देते. दुकानदारानं समजावून सांगितलं, मी कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून येते तर काय, डबी पाटावर! आत्यांना गोल बटण आणि भोक असलेली बाजू म्हणजे तिचं तोंड वाटलं असणार. डबी उताणी ठेवून त्यांनी बरोबर त्या तोंडावर हळदी-कुंकू लावलं होतं, वर अक्षता टाकल्या होत्या, शेजारी नारळ फोडलेला.

"आत्या, आवं हे काय! मशीन हाय ती. आत काय गेलं म्हंजी?"

"ट्रॅक्टरला न्हाई व्हय लावत? मिक्सरला लावलं तवा काय बोलली न्हाईस. तुज्या पोटापान्याचं हाय म्हनून केलं."

मी फणकाऱ्यानं डबी उचलली, फडक्यानं पुसली आणि आत गेले. खोबऱ्याचा तुकडासुद्धा घेतला नाही. अशी मी.

मग कागद समोर ठेवून कामाला लागले. वायर कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबीत घातली. डबीवर निळा दिवा लागला. हेडफोनची पिन पुढच्या भोकात ढकलली. आवाज नाही. सेटिंगमध्ये पाहिलं तर कॉम्प्युटर अजून जुन्या स्पीकरलाच आवाज पाठवत होता. तिथं डॅकचं नाव निवडलं. कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण वर केला, डबीवरचं बटण शून्यावर आणून हळूहळू फिरवलं.

अगं बाई! खरखर गायब. विचारणाऱ्या मुलीचा श्वाससुद्धा ऐकू आला. "आजी, तुम्ही पेरणी कधी करायचात?" असं तिनं विचारलं, आणि पुढं सगळं शांत. मग परत तीच मुलगी म्हणाली, "आणि खुरपायला कोण यायचं?" पुन्हा शांत.

या रेकॉर्डिंगमध्ये दोघींचे माईक वेगळे असतात. विचारणारी उजव्या कानात येते, सांगणारी डाव्या. म्हणजे मला प्रश्न ऐकू येत होते आणि उत्तरं नाहीत. कालपर्यंत ही आजी खरखरीतून का होईना, डाव्या कानात बोलत होती.

कानाशी बोटं चोळून बघितली, तर भीतीपोटी तेही कमीच वाटलं. हेडफोन दुसरीकडे लावून बघावा एवढंही सुचेना. आत्यांना बोलले त्याचीच शिक्षा झाली असंही वाटून गेलं. खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागले.

मामा पेपर घ्यायला आत आले. ते तोफखान्यात होते. तोफांनी त्यांचा डावा कान कधीचाच नेलाय, म्हणून घरात आम्ही सगळे जेवताना त्यांच्या उजवीकडं बसतो. मी रडत रडत सांगितलं, "मामा, माझा डावा गेला."

ते जवळ आले, माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि उलटा करून घातला. उजवीकडचा डावीकडं.

"आता लाव."

मी लावलं. "आजी, तुम्ही पेरणी कधी करायचात?"

डाव्या कानात! स्पष्ट! मी ओरडलेच, "मामा, आलं! डावीकडं आलं!"

"मंग कान जाग्यावर हाय तुजा. त्या डबीचंच काय तरी बिनसलंय."

पिन उपसली. टॉर्च मारून भोकात बघितलं, तर तळाशी कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा बसला होता. त्याच्यामुळं पिन पुरती आत जात नव्हती. वायर काढून डबी उपडी केली, दोन टिचक्या मारल्या, दाणा टेबलावर पडला. पिन परत घातली तसं टक्क वाजलं, आणि आजी बोलायला लागली, "आमी व्हय? मिरगाला पेरायचो की."

आत्या दारात येऊन उभ्या होत्या. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांना काय झालंय ते कळेना. "आगं, झालं तरी काय?" म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मशीनीची पूजा करून माझं भलं चिंतणारी सासू मला मिळाली, आणि मी तिच्या हातचं खोबरं नाकारलं होतं. ताटलीतला तुकडा तिथंच उचलून खाल्ला.

दोन आठवड्यांनी सांगलीला परत तपासलं. सर्दीनं दडे बसले होते, बाकी काही नाही. काम आजही चालू आहे. आता डबीची पूजा होते तेव्हा आत्या आधी भोकात कापसाचा बोळा घालतात.

पण त्या सकाळी आत्या चहा टाकायला गेल्यावर मी मामांना विचारलं, "हेडफोन उलटा करायचं तुम्हाला कसं सुचलं हो?"

मामांनी पेपरची घडी मोडली, परत घातली.

"फौजेत कानाच्या मेडिकलला मला बी असाच उलटा घातला हुता. डॉक्टरसायेब म्हनला, आता डावीकडं आला का आवाज?"

मी उठून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"माज्या टायमाला न्हाई आला, पोरी. तुज्या टायमाला आला. लय बरं वाटलं बग."