कोंडाजीनानांचा चौथा नट

निफाडहून विंचूरकडे निघालं की डाव्या हाताला तीन जुने टायर एकावर एक रचून चुन्याने रंगवलेले दिसतात. तेच कोंडाजीनाना रायत्यांचं दुकान. दुकानाला पाटी नाही. पूर्वी होती. एका वावटळीत ती उडून शेजारच्या द्राक्षबागेत पडली आणि बागवाल्याने ती कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली. नाना आणायला गेले होते. पण कोंबड्या त्या पाटीखाली इतक्या सुखात बसलेल्या दिसल्या, की पाटी उचलणं नानांच्या जिवावर आलं आणि ते हात हलवत परत आले.

पाटीवाचून काही अडलंही नाही. पंचर काय, कुणीही काढतं. नानांचं नाव होतं ते अडकलेल्या नटासाठी. चाकाचा नट गंजून बसला, जाम झाला, चार जणांनी लोंबकळूनही हलेना, की शेवटी कुणीतरी म्हणायचं, “नानाकडं न्या.”

ही हातोटी त्यांना एकलहऱ्याला लाभली. तरुणपणी ते तिथल्या वीजघरात एका ठेकेदाराकडे फिटरच्या हाताखाली होते. तिथले नट बशीएवढे, आणि वाफेत राहून असे चिकटलेले, की जणू त्यांना कुणी कधी फिरवलंच नव्हतं. तिथला म्हातारा फिटर नानांना सांगायचा, “कोंडू, जोर नंतर. आधी त्याची ओळख करून घे.” नाना अजून ओळख करून घेतात. तारेच्या ब्रशने माती काढतात, तेल सोडतात आणि चहा मागवतात. चहा हा कामाचाच भाग. तेल मुरायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ नाना तो पितात, आणि घाईतल्या गिऱ्हाइकाने कितीही घड्याळ बघितलं तरी बशीत ओतून पितात. मग हातोडीने नटाला चारी बाजूंनी टिचक्या. आणि मग, सोडवायच्या आधी, नट केसभर उलट आवळतात. इथे नवखं गिऱ्हाईक हमखास ओरडतं.

“अहो नाना, खोलायचाय, आवळताय काय?”

“रुसलेल्या माणसाला डायरेक चल म्हणलं तर येतं का?” नाना म्हणतात. “आधी म्हणायचं, बस अजून थोडा. मग उठतंय.”

अठ्ठावीस वर्षांत नानांनी एकही नट छिन्नीने फोडला नव्हता. अडलेला नट अख्खा बाहेर काढायचा, यातच त्यांची सगळी शान. छिन्नी दुकानात होती, पण त्या छिन्नीने नानांच्या बायको, साळूबाई, नारळ फोडायच्या. साळूबाईंची चहाची टपरी दुकानाला लागूनच. नानांचे टोले आणि साळूबाईंचे टोमणे एकाच छपराखालून ऐकू यायचे.

नानांचा आणखी एक रिवाज होता. गाडी जॅकवर चढली, की तिची चावी नानांच्या वरच्या खिशात जायची. काम झालं, की जो गाडी चालवणार त्याने खाली बसून, नानांच्या देखत, एक नट आपल्या हाताने खोलून परत आवळून दाखवायचा. मगच चावी. “उद्या रानात पंचर झालास तर मी नसन तिथं,” असं त्यांचं म्हणणं. एकदा एका नवरदेवाला त्यांनी शेरवानीसकट उकिडवं बसवलं होतं. वऱ्हाड आधी चिडलं, मग व्हिडिओ काढायला लागलं.

तर जानेवारीतली सकाळ होती. नाना शेकोटीशी बसले होते. तेवढ्यात एक पांढरी गाडी मागचं पंचर चाक फरफटत दुकानापाशी येऊन थांबली. चालवत होती चोवीस-पंचवीसची एक मुलगी. मागोमाग कांद्याने भरलेला ट्रॅक्टर. त्यावरून गोरक्ष उतरला. हा जवळच्याच गावचा, दर आठवड्याला विंचूरच्या बाजारात कांदा नेताना साळूबाईंचा चहा पिणारा.

“नाना, आपल्या दीपकभाऊची पोरगी, निकिता,” गोरक्ष म्हणाला. “हितं अलीकडंच उभी होती. मी खोलायला गेलो, पन नट लय जाम.”

नाना वाकले. चार नटांपैकी तीन धड होते. चौथ्याचे सहाही कोपरे घासून तो बोरासारखा गोल झाला होता.

“हे कशानं केलं?”

“माझ्या पान्यानं.”

“ट्रॅक्टरच्या?”

“थोडा ढिला बसत होता. मधी गोणपाट घातलं की.”

नानांनी त्याच्याकडे असं बघितलं, की गोरक्ष आपोआप दोन पावलं मागे सरला.

निकिता मात्र नटापेक्षा रस्त्याकडे जास्त बघत होती. विंचूरच्या वाईन पार्कातल्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत तिला नोकरी लागून दोन महिने झाले होते. आधी वडील गाडीने सोडायचे. मग तिने हट्ट धरला आणि घरात करार झाला. एक महिना गाडी तिची. पण एकदा जरी पप्पांना बोलवायची वेळ आली, तर चावी परत पप्पांकडे, आणि निकिता बसने.

“एक आठवडा राहिलाय काका,” हा करार सांगून ती नानांना म्हणाली. “त्यांना कळायच्या आत मला निघायचंय.”

“अगं, काळजीच नको!” गोरक्ष खुशीत म्हणाला. “मी मघाच लावला दीपकभाऊला फोन. निघाले सुद्धा. वीस मिन्टांत हितं.”

निकिता रचलेल्या टायरांवर मटकन बसली. आपण काय केलं ते गोरक्षला कळलं नाही, पण काहीतरी केलं एवढं नक्की कळलं. लिलाव चुकेल म्हणत तो ट्रॅक्टरवर चढला आणि गेला.

“वीस मिनिटांत होईल काका?”

नानांनी नटाकडे बघितलं. “माझा चहाच वीस मिन्टाचा हाय, बाळा.”

पण त्या दिवशी नानांनी चहा बशीत ओतला नाही. उभ्याउभ्या, थेट कपातून, भाजत प्याले. साळूबाईंनी हे बघितलं आणि टोमणा न मारता बशी उचलून नेली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तेल आधीच सोडलं होतं. चाक अजून जमिनीवर असतानाच नानांनी टिचक्या दिल्या, केसभर आवळलं आणि लांब पाइप लावून पहिला नट सोडवला. कर्र करून तो सुटला. दुसरा सुटला. तिसरा सुटला. पण तिसरा तळहातावर घेताना नाना थबकले. आट्यांमध्ये नुसता गंज नव्हता. निळसर हिरवी पूड होती. त्यांनी ती बोटावर घेऊन चोळली.

“गाडी कोन धुतं?”

“पप्पा. दर रविवारी. मला हातसुद्धा लावू देत नाहीत,” निकिता म्हणाली. “बागेच्या फवारणीची टाकी असते ना, तिच्या पंपाने. चाकं तर आतपर्यंत धुतात.”

“टाकी आधी धुतात का?”

“ते नाही माहीत.”

“हं,” नाना म्हणाले, आणि तिन्ही नट वाटीत ठेवले.

आता द्राक्षवाल्या गावात हे कुणाला सांगायला नको. बागेवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी मारतात. वेलीला ते मानवतं, लोखंडाला मुळीच मानवत नाही. टाकीच्या तळाशी राहिलेलं ते निळं पाणी दर रविवारी, मोठ्या प्रेमाने आणि भरपूर दाबाने, या चाकांच्या आत जात होतं. दीपकभाऊंची गाडी अख्ख्या गावात चकचकीत होती आणि नट आतून खाल्ले जात होते.

उरला चौथा. नानांनी त्याच्यावर एक मापाने लहान गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, हातोडीने ठोकून बसवली. फिरवली. सटकली. परत ठोकली. परत सटकली. नाना मांडी बदलून बसले.

“संध्याकाळपर्यंत तेलात ठिवला तर निघंल हा,” ते म्हणाले. “अख्खा.”

“संध्याकाळपर्यंत?” निकिताचा आवाज बारीक झाला.

“मग छिन्नी हाय की!” साळूबाई टपरीतून म्हणाल्या.

नानांनी परत गोटीच उचलली.

“काय झालं? अठ्ठावीस वर्सं आठवली का? तुमचा नट ऱ्हाईल अख्खा आन पोरगी बसंल यष्टीत. मी तुमच्या मोटारसायकलीवर मागं बसून म्हातारी झाले. कधी म्हणलात का, साळू, घे, चालव?”

“तू कधी मागितलीस?”

“मागून बघायला पायजे होतं. हिच्यासारखं.”

नानांनी त्या गोल झालेल्या नटावरून अंगठा फिरवला. एकलहऱ्याचा फिटर असता तर काय म्हणाला असता, याचा त्यांनी थोडा विचार केला. मग मागे न बघता हात पसरला. साळूबाईंनी छिन्नीवरचा खोबऱ्याचा चुरा पदराने पुसला आणि ती त्यांच्या हातावर ठेवली.

नानांनी निकिताला लांब उभं केलं, डोळ्याला चष्मा चढवला, छिन्नी नटाच्या अंगावर तिरकी धरली, आतल्या बोल्टाला लागणार नाही अशी, आणि मारली. एक. दोन. तिसऱ्या घावाला नट चिरला आणि दोन तुकडे होऊन मातीत पडला. आतला बोल्ट शाबूत होता. नानांनी त्यावरून बोट फिरवून सगळे आटे तपासले, मग जॅक लावून चाक काढलं.

स्टेपनी बसवून ते डब्यातून नवीन नट शोधत होते, तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. दीपकभाऊंनी मफलर सोडली नाही की रामराम केला नाही. सरळ हात पुढे केला.

“चावी दे, निकिता.”

“माझ्याकडे नाहीये. आणि पप्पा, मी तुम्हाला बोलवलं नाही. फोन गोरक्षकाकांनी केला.”

“मग मी इथं कशाला आलो?”

“चहाला,” साळूबाई म्हणाल्या. “बसा.”

दीपकभाऊ बसले नाहीत. “मी म्हणत होतो ना? हे पोरींचं काम नाही. नटसुद्धा खोलता आला नाही. मी दर रविवारी एवढी निगा राखतो गाडीची, आणि तीन आठवड्यांत हिने…”

नाना उठले. वाटीतला तिसरा नट त्यांनी दीपकभाऊंच्या तळहातावर ठेवला, आणि परत जाऊन डब्यात नट शोधायला लागले.

दीपकभाऊंनी नट उलटा केला. मग सुलटा केला. मग नाकाशी नेला. तीस वर्षं बाग केलेला माणूस तो. ती निळी पूड त्यांच्या प्रत्येक जुन्या शर्टवर होती.

“मोरचूद?” ते हळूच म्हणाले.

“मी काय म्हणलो नाय,” नाना डब्यातूनच म्हणाले.

“टाकीत राहिलं असंल थोडं… मला वाटलं, साधं पाणीच…” दीपकभाऊ चाकाकडे बघत राहिले. उरलेल्या तीन चाकांकडेही बघितलं. मग मुलीकडे बघायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मफलर सोडायला घेतली.

“तीन चाकं अजून हायेत,” नाना म्हणाले. “रविवारी हितं आणा. तेल लावून, खोलून, साफ करून देतो. आन गाडी बादलीनं धुवा आता.”

साळूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. या वेळी ते बसले.

मग नानांनी निकिताला खाली बसवलं. समोरासमोरचे नट आळीपाळीने कसे आवळायचे ते दाखवलं, आणि चाक जमिनीवर टेकल्यावर एक नट तिच्याकडून खोलून घेतला. पहिल्यांदा पाना सटकला. दीपकभाऊ कप ठेवून अर्धे उठले, “सरक, मी…” म्हणाले, आणि नानांनी नुसती मान हलवली तसे परत बसले. निकिताने पाय रोवले, पाना नीट बसवला, अंगाचा भार हळूहळू टाकला. नट सुटला. तिने तो परत आवळला, कपाळावरचे केस काळ्या हाताने मागे केले आणि कपाळ काळं करून घेतलं.

नानांनी वरच्या खिशातली चावी काढून तिच्या हातात दिली. दीपकभाऊंचा हात किंचित हलला, पण तो कपाकडे गेला.

“पन्नास किलोमीटर झालं की परत एकदा पाना लावून बघायचं,” नाना सवयीने दीपकभाऊंकडे बघून म्हणाले. “नवा नट हाय, ढिला पडतो.”

“मला काय सांगता नाना,” दीपकभाऊ म्हणाले. “तिला सांगा.”

निकिता गेली. दीपकभाऊ गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याकडे बघत होते. मग त्यांनी दुसरा चहा मागितला.

नानांनी फुटक्या नटाचे दोन्ही तुकडे मातीतून उचलले, एकमेकांना जुळवून बघितले आणि फळीवर ठेवले. छिन्नी पुसली आणि खिळ्याला, पान्यांच्या शेजारी, अडकवली. साळूबाईंनी ती लगेच काढून घेतली.

“नारळ काय दातानं फोडू?”