मोरागचा दुसरा आवाज

मोराग रँकिनचा आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नसे, आणि विसरायची सोयही नव्हती. कॅनडातल्या ग्लेस बे गावच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बिंगोचे आकडे पुकारायचं काम बावीस वर्षं तिच्याकडे होतं. माइक बिघडला तर तो दुरुस्त करायच्या भानगडीत कुणी पडत नसे. अशा बाईच्या घशाला कॅन्सर व्हावा! हॅलिफॅक्सच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि श्वासासाठी मानेच्या खळगीत एक भोक ठेवलं. जीव वाचला, आवाज गेला.

नवरा आधीच वारलेला, एकुलता एक मुलगा पीट टोरांटोला. तो दर रविवारी फोन करून काहीबाही विचारायचा आणि ही रिसीव्हरवर चमच्याने टकटक करायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सहा महिने असेच गेले. मग सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये ती मागच्या दारी बर्फावर घसरून आपटली आणि तासभर तिथेच पडून राहिली. हाक कशी मारणार? शेजारीण कचरा टाकायला आली म्हणून निभावलं.

"आई, आता पुरे झालं," पीट फोनवर म्हणाला. "ईस्टरपर्यंत तुला फोनवर बोलता आलं तर ठीक. नाहीतर मी येऊन तुला घेऊन जाणार. ते घरही विकून टाकू."

मोरागने दोनदा टकटक केली. मग चारदा, मग आठदा. पण चमच्याने भांडण किती करणार?

टोरांटोत बाराव्या मजल्यावर, सुनेच्या पांढऱ्याशुभ्र गालिच्यावर चवड्यांवर चालत उरलेलं आयुष्य काढायचं! त्यापेक्षा मी बर्फातच मेले असते तर बरं, असं तिने पाटीवर लिहिलं आणि ती पाटी रॉडीपुढे आपटली.

रॉडी हा कोळशाच्या खाणीतला निवृत्त कामगार. हेच ऑपरेशन त्याचंही चार वर्षांपूर्वी झालेलं, आणि आता तो ढेकरांवर बोलायचा. गावात निम्मे लोक एकाच आडनावाचे, त्यामुळे प्रत्येकाला टोपणनाव चिकटलेलं असायचंच. याचं होतं 'बेडूक'. मोराग पडल्यापासून तो रोज सकाळी चहाच्या निमित्ताने यायचा आणि शिकवायचा.

"फुप्फुसाचा भाता चालू आहे, पण त्याची वाट आता मानेतून. त्याला विसर," तो घोगऱ्या आवाजात सांगायचा. "ओठ, जीभ, दात, टाळू कुठे गेलेत? अक्षरं तर तिथेच घडतात. हवी फक्त थरथर. ती अन्ननळीच्या तोंडाशी मिळते. हवा जराशी आत जाऊ दे, की लगेच वर येऊ दे."

आपण शाळेत क-ख-ग घोकत कंठापासून ओठांपर्यंत येतो, तोच हा रस्ता. 'प' म्हणताना ओठ मिटतात आणि तोंडात हवा कोंडते. ती कोंडलेली हवा थोडी मागे अन्ननळीत सरकते आणि परतताना तिथली कातडी थरथरवते. म्हणून प, ट, क यांनी सुरुवात सोपी. 'आ' आणि 'म' म्हणजे महाकर्मकठीण.

मोराग जिद्दीची, आणि तिथेच घोडं पेंड खायचं. ती बेंबीच्या देठापासून जोर लावायची. चेहरा लालबुंद व्हायचा आणि मानेतल्या भोकातून असा वारा सुटायचा की आत आवाज झाला असला तरी ऐकू येऊ नये.

"अगं बये, बाळंत होतेस का?" रॉडी करवादायचा. "जोर नको! हॉलमधली सवय सोड. कुणाच्या कानात चहाडी सांगतेस असं बोल."

एका सकाळी खरंच 'पॉट' असा शब्द निघाला. मोरागने दचकून तोंडावर हात ठेवला. आवाज बाईचा नव्हताच. तिने पाटीवर लिहिलं, 'हा तर म्हातारा कोंबडा! गाव मला काय नाव ठेवेल?'

"ठेवू दे की," रॉडी म्हणाला. "मला बेडूक म्हणाले तेव्हा मी खूश झालो. मुक्याला कुणी बेडूक म्हणतं का?"

पण बाई लाजली ती लाजलीच. पुढचे दोन आठवडे तिने तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

ईस्टरच्या रविवारी रॉडी हॅम खायला आला होता. दुपारी फोन वाजला. मोरागने रिसीव्हर उचलला आणि सगळं बळ एकवटून जोर लावला. नुसता वारा.

"आई? तिकडे वादळ आहे का?" पीटने विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं. "असू दे, आई. रडू नकोस. तिकीट काढलंय मी, शुक्रवारी येतो."

तो इतक्या मायेने बोलला की तिने खांदेच टाकले. संपलं सगळं. आता जोर तरी कशाला लावायचा? समोर रॉडीने आपले ओठ मिटून दाखवले, बस्स एवढंच. खांदे सैल पडलेले असतानाच मोरागने ओठ मिटले.

"पीट," ती म्हणाली.

पलीकडून पीट गरजला, "कोण बोलतंय? माझ्या आईच्या घरात कोण आहेस रे तू? आधी आईला फोन दे!"

रॉडीने टेबलावर थाप मारली. जिची इतके दिवस धास्ती घेतली तीच गोष्ट घडली होती, पोटच्या पोराने तिला पुरुष समजलं होतं, आणि मोरागला मात्र हसू आवरेना. हसण्याला आवाज नव्हता, मानेतून नुसतं फुस्स फुस्स.

"टकल्या," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "तिकीट. परत. कर."

त्याला टकल्या म्हणणारी जगात एकच बाई होती.

"आई?" त्याचा आवाज फाटला. "आई, तू? परत बोल ना."

"काय?"

"काहीही. शिव्या दे. रागव मला."

सहा महिन्यांचं साठलेलं होतं. मोरागने खुर्ची ओढून बैठक मारली. दर दोन शब्दांनी थांबत, हवा घेत तिने त्याला यथेच्छ झापलं, आणि पीट पलीकडून रडत रडत "हो आई, हो आई" म्हणत राहिला.