आज्जाच्या समाधीवर गळ

गुरम्माने जन्मात मासा तोंडी लावला नाही, पण विष्णुपुरीच्या धरणाच्या फुगवट्यात मासा कुठं बसतो हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. रविवारी, सुटीच्या दिवशी लातूर-नांदेडची घरंच्या घरं तिच्या फायबरच्या बोटीत बसून गळ टाकायला येतात. आठ माणसं मावतात. मागच्या फळीवर इंजिनाचा दांडा धरून गुरम्मा बसलेली असते. साठी उलटलेली, पदर खोचलेला, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा आणि गळ्यात लिंग. तिला बघून पहिला प्रश्न ठरलेला.

"मावशी, तुम्ही लिंगायत ना? आणि मासे धरायला नेता?"

"मी माणसं नेते," गुरम्मा म्हणते. "मासे तुम्ही धरता. आमच्या शरणांमधी, संतांमधी, नावाडी पण होता. त्याच्या नावंत बसून कोण काय करतंय, हे त्याला कुणी इचारलं न्हाई."

गळाला लावायचा गोळा ती घरून मळून आणते. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हळद. गांडुळं ज्यांना पाहिजेत त्यांनी आपली आपण आणायची, तिच्या हाताला लावायची नाहीत. उलट्या डोक्याचं एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "मावशी, ह्यात मीठ घातलं तर आमच्याच नाश्त्याला होईल की." ती म्हणते, "खा. पण मग गळ पण गिळावा लागंल."

मासा कुठं आहे हे तिला कसं कळतं, तर त्या पाण्याखाली तिचं शेत आहे. पलीकडच्या काठावरच्या महादेवाचा कळस आणि कॉलेजची पाण्याची टाकी एका रेषेत आली की खाली विहीर. टाकी थोडी डावीकडे सरकली की दगडी बांध. बांधाच्या कपारीत मरळ बसते, विहिरीच्या तोंडाशी रहू फिरतो. जिथं तिनं निंदण केलं, तिथूनच आता बोट जाते.

उदगीरकडची पोर होती ती. लग्न होऊन आली तेव्हा धड मराठी येत नव्हती. सासू काय बोलते ते कळायचं नाही, नवरा शिवप्पा लाजून बोलायचाच नाही. त्या घरात कन्नड येणारा माणूस एकच, सासरा. दुपारी बांधावर भाकरी सोडली की तो तिला हाक मारायचा, "बा मगळे." ये पोरी. सगळ्या दिवसात तिच्या कानाला कळणारे तेवढेच दोन शब्द. तीन वर्षांनी तो गेला आणि रिवाजाप्रमाणे शेताच्या कोपऱ्यात, कडुनिंबाखाली, त्याला बसवून समाधी दिली. वर दगडी ओटा बांधला.

मग धरणाचं पाणी आलं. पंचनामा करायला माणसं आली. त्यांनी विहीर लिहिली, चिंच लिहिली, दोन बाभळी लिहिल्या, गोठ्यावरची पत्रं सुद्धा लिहिली. समाधी लिहिली नाही. शिवप्पाने विचारलं तर साहेब म्हणाला, "तुमच्यात जाळत नाहीत होय? मग हलवायची तर घ्या हलवून. आठ दिवस आहेत."

हलवून घ्या. जसं काही ते दळणाचं पोतं होतं. समाधीत माणूस ध्यानाला बसलेला असतो, त्याला खांद्याला धरून उठवायचं आणि दुसऱ्या रानात नेऊन बसवायचं? शिवप्पा मान खाली घालून घरी आला. गुरम्माला मराठीत भांडता येत नव्हतं. पाणी चढलं, बांध गेला, विहीर गेली, शेवटी ओटा गेला. त्या दिवशी तिला जे बोलता आलं नाही, ते पुढं कित्येक वर्षं भाकरी थापताना ती बोलत असे.

शेत गेल्यावर शिवप्पा शेजारच्या भोयांकडून नाव चालवायला शिकला, हळूहळू गिऱ्हाईकं नेऊ लागला. तो गेल्यावर दांडा गुरम्माने धरला. काठावरचे लोक हसले. पहिल्या पावसाळ्यात तिनं वाऱ्यात सापडलेलं एक अख्खं कुटुंब सुखरूप काठाला आणलं, मग हसायचे थांबले. तिच्या बोटीचे नियम साधे. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही, गुटख्याच्या पुड्या पाण्यात टाकायच्या नाहीत, वारा सुटला की परत, मग गिऱ्हाईक कोणी का असेना. आणि एक नियम ती कुणाला सांगत नसे. टाकी आणि कळस यांच्या रेषेपासून जरा पूर्वेला एक जागा होती, तिथून बोट कायम वळसा घालून न्यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "तिथं खडक हाय."

तिचा मुलगा सोमेश लातूरला एका क्लासच्या हपिसात कामाला आहे. पोरांच्या आईबापांशी त्याची रोजची गाठ, त्यामुळं रविवारी बोटीला गिऱ्हाईकं तोच पाठवतो. फोनवर जाहिरात तोच टाकतो. गुरम्माला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटत नव्हती. पोटचं पोर आहे, चांगलंच करत असणार.

एप्रिलातल्या एका रविवारी सोमेश स्वतःच एक मंडळी घेऊन आला. गणिताचे क्लास घेणारे सुदर्शन सर, त्यांची बायको ऋतुजा आणि ऋतुजाचा भाऊ आदर्श. आदर्शकडे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. सोमेश काठावरच थांबला, त्याला फोन येत होते.

गुरम्माने बोट विहिरीवर नेली. सरांनी गळ टाकला आणि पाव तासात चांगला हातभर रहू आला.

"बघा," ऋतुजा म्हणाली, "क्लासला पोरं अशीच लागतात ह्यांच्या गळाला. आधी गोळा गोड लागतो."

"आणि मग वर्षभर तडफडतात," सर म्हणाले. गुरम्माही हसली.

आदर्शचं लक्ष फोनमध्ये होतं. "मावशी, हे ठीक हाय. आता आज्जा पॉइंटला चला."

"कुठं?"

"आज्जा पॉइंट. जाहिरातीत हाय की तुमच्या. मासा हमखास म्हणून." त्यानं फोन तिच्यासमोर धरला. निळं पाणी, नदीचं वळण आणि वळणाच्या आत एक लाल टिपका. खाली सोमेशचा नंबर. गुरम्माने वळण ओळखलं. टिपका कुठं ठेवलाय तेही ओळखलं.

"तिथं खडक हाय," ती म्हणाली आणि बोट वळवली.

"मावशी, खडक असा चौकोनी असतो का?" आदर्शने यंत्र पुढं केलं. "हे बघा. सरळ कडा, चार कोपरे. आणि वर मासेच मासे. एवढा माल सोडून वळून राहिल्यात."

बोट वळता वळताच त्यानं काठी फिरवली आणि गळ त्या बाजूला फेकला. गुरम्माच्या तोंडून नको निघायच्या आत गळ बुडाला आणि तंगूस, म्हणजे गळाची ती नायलॉनची दोरी, ताठ झाली.

"लागला! मोठा हाय, मोठा हाय," म्हणत आदर्श उभा राहिला. बोट कलली. ऋतुजाने व्हिडिओ सुरू केला. काठी वाकून पाण्याला टेकायला आली.

मासा ओढतो तेव्हा दोरी थरथरते, इकडं तिकडं पळते. ही जागची हलत नव्हती. दगडात अडकलेला गळ गुरम्माला न बघता कळतो. आणि तो दगड कोणता, हे तर तिला कुणी सांगायची गरज नव्हती. इंजिनात अडकलेलं गवत कापायचा विळा तिच्या पायाशी होता. तिनं इंजिन बंद केलं, पुढं आली आणि एका झटक्यात तंगूस कापली. आदर्श मागच्या मागं फळीवर आदळला.

"ओ बाई, डोकं ठिकाणावर हाय का?"

"माजा सासरा बसलाय खाली," गुरम्मा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "समाधी हाय त्याची. तुमचा गळ त्याच्या ओट्यात अडकलाय, आणि तुमी वर उभं राहून मोठा हाय म्हणून राहिलात."

ऋतुजाने फोन खाली घेतला. सर म्हणाले, "आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं, मावशी. तुमच्याच मुलानं पाठवलं."

आदर्श मात्र पुटपुटला, "पाण्याखाली कसली समाधी. पाणी सरकारचं हाय."

"पाणी सरकारचं," गुरम्मा म्हणाली. "माणूस आमचा."

काठाला लागल्यावर सरांनी हात जोडले आणि तिघं गाडीत जाऊन बसले. गुरम्मा सोमेशपुढं उभी राहिली.

"आज्जा पॉइंट," ती म्हणाली. "नाव तूच ठेवलंस?"

सोमेशला काय झालं असेल ते कळलं. त्यानं फोन खिशात घातला. "अव्वा, नाव कायतरी द्यावंच लागतं. लोकांच्या ध्यानात राहतं."

"तुला जागा कशी कळली?"

"लहानपणापासून बघून राहिलो. अप्पा तिथून वळसा घालायचे, तू घालतीस. जिथं इतकी वर्षं गळ पडला न्हाई, तिथं मासा न्हाई तर काय असंल? तुमीच राखून ठेवला की." तो जरा हसला. आई हसली नाही हे बघून तो घाईनं म्हणाला, "बरं, आपण तिथं बांबू रोवून झेंडा लावू. समाधी म्हणून सांगू. बोटिंग आन दर्शन, दोन्ही होतंय. लोक हार घेऊन येतील."

"हार आणतील, आन पिशवीसकट पाण्यात टाकतील," गुरम्मा म्हणाली. "पंचनाम्याचा साहेब म्हणला हलवून घ्या. तो परका होता, त्याला काय म्हणायचं. तू आज्जाच्याच ओट्याला गिऱ्हाईक लावलंस. त्यानं तुला बघितलं पण न्हाई रे. तुझ्या बापाचं लगीन त्यानं केलं, मी त्याच्या जीवावर ह्या घरात टिकले, आन तू त्याच्यावर गळ टाकायला लातूरहून माणसं आणतोस."

"मी न्हाई तर दुसरं कोणी आणंल."

"दुसऱ्याचं मी दुसऱ्याला बोलीन. तुझं तुला बोलून राहिले."

तिनं इंजिन सुरू करायची दोरी काढून पदरात बांधली आणि बोटीच्या काठावर बसली. चार वाजता नायगावची मंडळी यायची होती, शाळामास्तरांची तीन कुटुंबं. सोमेशने घड्याळ बघितलं, आईकडं बघितलं.

"बोट सुटणार न्हाई," गुरम्मा म्हणाली. "फोन काढ. जिथं जिथं ते टाकलंस तिथून पुस. मग मी सांगते ते लिही."

त्यानं टिपका पुसला. मग तिनं सांगितलं तसं तो लिहू लागला. गुरम्माच्या बोटीत बसणाऱ्यांना कळवणे की, मुलाने घरी न विचारता एक जागा दाखवली, ती चूक झाली.

"चूक लिहायलाच पाहिजे का, अव्वा?"

"पाहिजे. आन खाली नको, पयलं लिही." ती पुढं सांगत गेली. "त्या जागेवर माझ्या सासऱ्याची समाधी आहे. तिथे कोणी गळ टाकू नये. आमची बोट तिथे जाणार नाही."

त्यानं ते सगळीकडे पाठवलं. लगेच कुणाकुणाची उत्तरं येऊ लागली, ती त्यानं वाचली नाहीत.

"आता कपडे काढ," गुरम्मा म्हणाली.

"काय?"

"पोहता येतं ना? पाणी उतरलंय, दोन पुरुष बी न्हाई तिथं. अडकलेला गळ काढून आण. ओट्यावर राहिला तर मला जेवण जायचं न्हाई."

दोघं बोट घेऊन गेली. टाकी आणि कळस बघत तिनं बोट बरोबर त्या जागेवर थांबवली. कित्येक वर्षांत ती एवढ्या जवळ आली नव्हती. तिनं सोमेशच्या कमरेला दोरखंड बांधला, दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं. त्यानं श्वास घेतला आणि उडी मारली.

बुडबुडे आले. थोड्या वेळानं तो वर आला. मुठीत हिरव्या तंगुशीचा तुकडा आणि नवा गळ. गुरम्माने तो घेऊन डब्यात ठेवला.

"झालं?"

सोमेश बोटीच्या काठाला धरून धापा टाकत होता. त्यानं आईकडं न बघता मान हलवली. "अजून हाय."

तो पुन्हा गेला. या वेळी दोन गळ आले, गंजलेले, लाल तंगुशीचे. हिरवी तंगूस आज कापलेली. ही लाल कुणाची? गुरम्मा त्या गळांकडं बघत राहिली.

"हे आपल्याच बोटीतनं?"

सोमेशने तोंडावरचं पाणी पुसलं.

"कवा?"

"तू माहेरी गेलतीस तवा," तो म्हणाला. "एकच पार्टी होती. मीच नेली."

ती यंदा माहेरी एकदाच गेली होती. "शिवरात्रीला," ती म्हणाली. ज्या दिवशी ती उदगीरला उपाशीपोटी रात्रभर जप करत बसली होती, त्या दिवशी. तिनं दोन्ही गळ डब्यात टाकले.

काठावर नायगावची मंडळी येऊन उभी राहिली होती. कुणीतरी हाक मारली. गुरम्माने हात वर करून थांबायची खूण केली.

"अजून हायत खाली?"

"हायत."

"किती?"

"मोजले न्हाईत, अव्वा."

"मग मोजून ये," ती म्हणाली, आणि तो खाली गेला तशी हातातली दोरी हळूहळू सोडत राहिली.