खांद्यावरून काढलेली शाल

शाल माझ्या खांद्यावर पडली अन् उतरली. मधात टाळ्या वाजल्या, तेवढाच वेळ.

ज्यानं काढली त्यानं हळूच काढली. झटका नाई, शिवी नाई. ओल्या भिंतीवरचा कागद सोडवावा तशी, दोन बोटांनी. अन् कानापाशी येऊन बोलला, "भाऊ, ही शिक्षकांसाठी आहे. तुमच्यासाठी टॉवेल ठेवला आहे. मागे जाऊन घ्या."

मंडपातले लोकं हसले. वाईट मनानं नाई हसले. बुढा चुकला म्हणून हसले.

मी चुकलो नव्हतो. मले बोलावलं होतं.

आमचं गाव चामोर्शीच्या पल्याड. एका अंगाले धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाले जंगल. बाया मोह वेचाले जातात, तेंदूपत्त्याले जातात, पाणी पडलं का धान रोवण्याले जातात. लहान लेकरू चिखलात कुठी ठेवावं? म्हणून बायांनी समाजमंदिराच्या खोलीत बालघर काढलं. आमच्या गावची कुसुमबाई त्यातली पयली शिक्षिका. मागाहून शहरातल्या एका संस्थेनं ते आपल्या हाताखाली घेतलं. त्या संस्थेचे अध्यक्ष साहेब. शाल काढणारी दोन बोटं त्याईचीच.

मी बुरड. बांबू फोडणं, सुपं-टोपल्या विणणं, हेच आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या. बालघर निघालं तेव्हा कुसुमबाईनं मले पाच पाळणे विणाले सांगतले. विणले. टांगाले गेलो तर एक पोट्टं रडून राह्यलं होतं. त्याले पाळण्यात घालून झोका दिला. तो झोका अकरा वर्षं झाले, चालूच आहे.

कोणतं लेकरू कोणत्या अंगावर झोपते, मले माहीत. कोणाची माय उशिरा येते अन् कोण तिच्यासाठी दाराकडे पाहत बसते, तेही माहीत. अन् मोठ्या लेकरांले मी अक्षरं शिकवतो. हो, मीच. दुसरी शिकलेला.

दुसरीही पुरी नाई. गुरुजी मले दारापाशी बसवत. झाडू अन् मी, एका ओळीत. घंटा झाली का म्हणत, "तू काय शिकते बे, जा, घरी सूप लागते, बांबू आण." मी बांबू आणाले जावो. दोन वर्षात त्या गुरुजीच्या घरी सात सुपं अन् एक मोठी डाल-टोपली गेली माझ्या हातची. पाटीले मले हात लावू दिला नाई. मंग मी काय करो? दारातून फळ्यावरचं अक्षर पाहो, अन् बाहेर येऊन ओली कमची तशी वाकवून पाहो. कमची म्हणजे बांबूची चिरफळी. ग वाकवला, म वाकवला. ळ वाकवताना बोट कापलं होतं, वण अजून आहे. तशी सारी अक्षरं हातानं शिकलो. डोळ्यानं विसरलो असतो. हात विसरत नाई.

तीच अक्षरं मी बालघरात वाकवून ठेवली. लेकरं त्याच्यावरून बोट फिरवतात. गुळगुळीत तासलेली, एकाही लेकराच्या बोटात कधी फास घुसली नाई.

तीन वर्षांमांगे प्रतिभाबाई आली. नागभीडची, कोर्स केलेली, स्कूटीवर येणारी. पंचवीस-सव्वीसची असंल. आली ते रंगीत चेंडू घेऊन, तक्ते घेऊन, टाळ्यांची गाणी घेऊन. पयल्याच दिवशी माझ्यापाशी बसलेले सात पोट्टे उठले अन् तिच्याकडे गेले.

खरं सांगतो, मी जळलो. लपवून काय करू, वय झालं आता. रोज सकाळी मी दारात उभा राहो अन् मोजो, किती लेकरं येता येता 'आजा' म्हणतात अन् किती 'बाई' म्हणतात. ज्या दिवशी 'बाई' जास्त, त्या दिवशी मले भाकर गोड लागत नसे. एकदा तिच्या तक्त्याची सुतळी मी ढिली करून ठेवली. तक्ता लेकरांसमोर धपकन पडला. लेकरं हसली. तीही हसली, अन् मलेच म्हणे, "बाबा, तुमच्या हातची गाठ मारून द्या ना, तुमची सुटत नाई." मी गाठ मारली. अजून जास्त जळलो.

यंदा आषाढात, रोवण्याच्या चार दिवस आधी, संस्थेनं कार्यक्रम ठेवला. समर्पित शिक्षकांचा सत्कार. दोन दिवस मंडप, खुर्च्या, मीच केलं. एका टेबलावर बालघरातल्या वस्तू मांडल्या होत्या. माझी बांबूची अक्षरंही होती. त्याच्यापाशी एक चिठ्ठी चिकटवली होती. मी एकेक अक्षर लावून वाचली. 'शैक्षणिक साहित्य. निर्मिती: प्रतिभाबाई.'

चिठ्ठी तिनं लिहिली नव्हती, संस्थेच्या पोरांनी लिहिली होती. पण नाव तिचं होतं. मले ते नाव दिसलं. लिहिणारा नाई दिसला.

कुसुमबाईले शाल-नारळ झालं. मंग प्रतिभाबाईचं नाव पुकारलं. ती नव्हती. एका पोट्ट्याले हगवण लागली होती, त्याले घेऊन ती मागे मोरीवर गेली होती. शहरातून आलेल्या पाव्हण्या मॅडम शाल हातात धरून उभ्या. त्याईनं हसत समोरच्या लेकरांले विचारलं, "कुठे आहेत रे तुमचे शिक्षक? कोण शिकवतं तुम्हाला अक्षरं?"

लेकरं मागे वळली. सारी. अन् माझ्याकडे बोट करून ओरडली, "आजा! आजा!"

दोघं-तिघं तर उठून मले ओढाले लागले. मी गेलो. काऊन नाई जाऊ? अकरा वर्षांत पयल्यांदा कोणी विचारलं होतं अन् उत्तर मी होतो. मॅडमनं शाल उंच धरली. मी मान वाकवली. शाल घ्याची असली का मान वाकवा लागते. त्या उकाड्यात ती लोकरी शाल मानेले टोचली, अन् तरी मले बरं वाटलं.

मंग ती दोन बोटं आली.

"हे मदतनीस आहेत मॅडम. बांबूचं काम करतात."

तेवढ्यात प्रतिभाबाई मोरीवरून धावत आली, हात ओले. माझ्या घामाची शाल तशीच तिच्या खांद्यावर गेली. फोटो निघाला. ती माझ्याकडे पाहत होती, पण बोलली काही नाई. मी मनात म्हणलो, बोल. म्हण, का हेही शिकवतात. म्हण, का ती अक्षरं याईची आहेत. नाई बोलली.

टॉवेल मी घेतला नाई. मागे गेलोच नाई. सरळ घरी गेलो.

चार दिवस बालघराकडे पाह्यलं नाई. घरी बसून एकच गोष्ट दिसे, तिच्या खांद्यावर माझी शाल. डोळे मिटले तरी तेच. घरची म्हणे, "जेवा ना जी, शालीनं पोट भरते का?" मी तिच्यावरही ओरडलो.

पाचव्या दिवशी रोवणा लागला. पाणी धरून होतं. बाया उजाडताच लेकरं टाकून बांधीत उतरल्या. त्याच दिवशी मी दोरी सोडाले विळा घेतला अन् बालघरात गेलो. म्हणलो, "पाळणे माझे आहेत. नेतो."

कुसुमबाई खिचडी ढवळत होती. वर न पाहता म्हणे, "न्या जी. कोण धरते तुम्हाले? पण निजलेलं लेकरू उचलाले मले सांगू नका. तुमीच उचला."

तीन पाळणे रिकामे होते, ते सोडले. चौथ्यात, पाचव्यात लेकरं निजली होती. आता काय करता? उभा राह्यलो, उठायची वाट पाहत. उभ्या उभ्या हात दोरीवर गेला अन् झोका देऊ लागला. माझा हात माझंही ऐकत नाई.

तेवढ्यात कोपऱ्यातलं तिसरं लेकरू रडाले लागलं. पाळणे तर मी खाली ठेवले होते. प्रतिभाबाई उठली. आतून एक कापड घेऊन आली, स्टुलावर चढली, दोन टोकं आड्याले बांधली, झोळी केली अन् लेकरू त्यात घातलं.

ती शाल होती. जरीच्या काठाची. तीच.

"शाल आहे ते," मी म्हणलो.

"मंग? एवढ्या उकाड्यात पांघरून फिरू का?" ती म्हणे. "सकाळीच मुतलं त्याच्यात एकजण. धुवून वाळवली."

मी झोका देत राह्यलो.

थोड्या वेळानं ती स्टुलावरून उतरली. हळू म्हणे, "तुमच्या खांद्यावरची आहे बाबा. मले माहीत आहे. मी तेव्हा बोलाले पाह्यजे होतं. नाई बोलली. भेली."

"कायले भेली? शाल तर तुले भेटली."

"भेटली म्हणूनच भेली," ती म्हणे. "ज्यानं तुमची काढली, त्यानं माझीही काढली असती. मले तर अजून कायम नाई केलं."

मी तिच्याकडे पाह्यलं. तिच्या ओढणीले खिचडी लागली होती. हाताले साबणाचा वास.

तेव्हा डोक्यात उजेड पडला, अन् तो काही थंड उजेड नव्हता. शाल देणारा अन् काढणारा, दोघं एकाच बाजूले उभे होते, खुर्च्यांच्या बाजूले. अन् मी चार दिवस कोणावर जळलो? जिचे हात हागऱ्या लेकरानं भरले होते, तिच्यावर. त्या दोन बोटांवर मी एक घडीही जळलो नाई. ती बोटं मले देवाची वाटली होती. दारापाशी बसवणारे गुरुजी मले असेच देवाचे वाटत. सात सुपं दिली त्याईले, अन् वरून पाया पडलो.

ते आठवून जी आग झाली, तशी प्रतिभाबाईवर कधी नव्हती झाली.

पाळणे परत टांगले. माफी मागितली नाई. तिलेही मागू देली नाई. ती बोलली नाई ते मी विसरणार नाई, हे तिले सांगून ठेवलं. ती म्हणे, "विसरू नका."

पुढच्या हप्त्यात संस्थेचा बोर्ड आला. दारावर लावला. 'आमचे समर्पित शिक्षक', अन् खाली दोन नावं, छापील. मी रोज दारातून जावो अन् ती दोन नावं वाचो. जळण काही गेलं नाई. खोटं कायले सांगू? तिचं नाव निळ्या रंगात, सुरेख. माझं नाई.

एका सकाळी मी ओल्या कमच्या घेतल्या, आच दाखवली अन् माझं नाव वाकवलं. एकेक अक्षर. त्या दोन नावांच्या खाली भिंतीवर बारीक खिळ्यांनी ठोकलं. लेकरं जमली. जे वाचू शकत होती त्याईनं मोठ्यानं वाचलं. जे नव्हती वाचू शकत, त्याईनं बोट फिरवलं.

साहेब आले. चष्मा काढून पाह्यलं.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"भाऊ, तुम्ही शिक्षक नाही ना. शिकलात किती?"

"दुसरी," मी म्हणलो. "दारातून."

त्याईले कळलं नाई. कळावं म्हणून बोललोही नव्हतो.

"काढून टाका हे. उद्या तपासणीला लोक येणार आहेत."

"तुमीच काढा."

साहेब प्रतिभाबाईकडे वळले. "बाई, तुम्ही काढा."

प्रतिभाबाई लेकराचं तोंड पुसत होती. उठली नाई. म्हणे, "माझे हात ओले आहेत, साहेब."

एवढंच बोलली. पण बोलली.

साहेबानं ड्रायव्हरले बोलावलं. त्यानं पान्यानं एकेक अक्षर उचकटलं. दोन तुटली. मी पाहत उभा राह्यलो, डोकं वर करून, त्याच्या हाताकडे नाई, साहेबाच्या तोंडाकडे. ते गाडीत बसेपर्यंत पाहत राह्यलो. साहेबांनी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे लोकं आले तेव्हा नाव भिंतीवर होतं.

तेव्हापासून तीनदा निघालं, चारदा लागलं. कोणी म्हणते, बुढा हट्टी झाला. कोणी म्हणते, पुढच्या साली तुम्हालेही शाल देऊ म्हणून निरोप आला आहे, मदतनीस म्हणून, आता तरी सोडा. मी निरोप आणणाऱ्याले सांगतलं, शाल नको. शालीसाठी मान वाकवा लागते, अन् ती मी एकदा वाकवून पाह्यली. माझं नाव त्या दोघींच्या खाली राहीन, शिक्षक या शब्दाच्या खाली राहीन, अन् मी असेन तोवर या बालघरात एकही लेकरू दारापाशी झाडूसंगं बसणार नाई.

घरी नांदीत कमच्या भिजत घातल्या आहेत. भिंतीवरचं काढा तुमी, साहेब.