भिंतीवरची हजेरी

मेलेल्या माणसांची हजेरी घेणारा मास्तर अख्ख्या मॉरिशसमध्ये एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या शेजारच्या वर्गात होता. शाळा कांप दे मास्कच्या बाजूची, चारही अंगांना ऊस. मी सें पिएरहून बसने यायची, चौथीला शिकवायची. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये लाकडी पडदी होती आणि तिच्या फटीतून त्यांचं सगळं मला ऐकू यायचं. ते मराठीचे गुरुजी. शाळेतली मराठी घरची पोरं रोज एक तास त्यांच्याकडे जायची. अंगाने काटकुळे, जाड चष्मा, आणि सायकलच्या दांडीला कायम अडकवलेलं खळीचं डबडं. मैद्याची ती खळ उन्हात आंबायची आणि तिचा वास त्यांच्या आधी शाळेत पोचायचा. मी नाकाला रुमाल लावला की म्हणायचे, "मिस, भिंत उपाशी ठेवली की पोरं झोपतात." मी म्हणायची, पोरांना झोपू द्या, पण हा वास आवरा.

भिंत त्यांनी एकदाही उपाशी ठेवली नाही. चैत्रात गुढी, आषाढात ढगांच्या जागी उसाचे तुरे, कारण आमच्याकडे तेव्हा ढग कुठले, तुरेच येतात. माझ्या वर्गात विलायतेहून आलेले सरकारी तक्ते होते. त्यांतल्या मार्च महिन्यात पिवळी फुलं नि कोकरं, आणि बाहेर वादळाच्या सूचना. वर्ष संपताना तर मी खिडक्यांना कापूस चिकटवून बर्फ करायची आणि घामाने तो कापूस माझ्याच हाताला चिकटायचा. गुरुजी एकदा दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, की तुमच्या भिंतीवर जे आहे ते तुमच्या खिडकीतून दिसत नाही. मला इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. राग अशासाठी की माणूस खरं बोलला होता.

पण त्यांच्या सजावटीत काहीतरी गार असायचं. नागपंचमीला त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून, रंगवून आढ्याला टांगल्या. आमच्या पोरांनी उभ्या जन्मात नाग बघितलेला नाही. ऑगस्टचा वारा आत शिरला की ते चाळीसएक नाग हळूहळू एकाच दिशेला वळायचे. मी मुद्दाम दोनदा पाहिलं, वारा थांबल्यावरही शेवटचा एक जण वळतच होता. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, ट्यूब आहे, ताण जिरायला वेळ लागतो. हेडमास्तरांनी मात्र त्या दिवसापासून त्या वर्गाची पाहणी दारातूनच करायची ठरवलं.

मग त्या वर्षी गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. गुरुजींनी पोरांना सांगितलं, की तुमच्या घरातलं जे कुणी पहिल्यांदा बोटीतून या बेटावर उतरलं, ते कसं दिसायचं हे घरी विचारून या. सिमेंटच्या पिशव्यांचा कागद कापून प्रत्येकाला एक एक ताव दिला, कमरेपर्यंतचं माणूस मावेल एवढा. पोरं घरी विचारून आली. कुणाला घोंगडी ठाऊक होती, कुणाला पितळी तांब्या, कुणाला लुगड्याचा काठ. तोंड मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजींचा नियम कडक होता, खोटं काढायचं नाही, माहीत नसेल ते कोरं ठेवायचं. बावीस पोरांची बावीस माणसं मागच्या भिंतीवर ओळीने लागली. पागोटी होती, कुड्या होत्या, हात होते, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी कागद. शेवटी त्यांनी स्वतःचाही एक ताव लावला. त्यावर तर खांद्यांच्या रेषेपलीकडे काहीच नव्हतं, कारण त्यांचे आईबाप तापात गेले तेव्हा ते रांगत होते. त्यांना रिव्हिएर दू रांपार गावी शेजाऱ्यांनी वाढवलं. विचारायला माणूसच उरलेलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, कागद तो कागद, त्याला काय भ्यायचं? या आणि बसून दाखवा. तुम्ही कुठेही उभे राहा, ते तुमच्याकडे बघत नाहीत, आणि तेच वाईट. डोळे असलेल्या चित्राकडे पाठ करता येते. ह्यांच्याकडे पाठ केली की मानेवर काहीतरी हुळहुळायचं. भरीला गुरुजींनी त्यांची हजेरी सुरू केली. नावं ठाऊक नाहीत म्हणून पोरांच्या नावाने हाक मारायचे, "सुनीताची बोटवाली आजी?" की सुनीता म्हणायची, "हजर."

चार-पाच दिवसांत गावात बोभाटा झाला. त्याचं मूळ सुनीताचीच पणजी, गावातली सगळ्यात म्हातारी बाई. सुनीताने चित्रासाठी आईला विचारलं होतं, पणजीला नाही. पणजीची जुनी मराठी तिला धड कळायची नाही, आणि म्हातारीला काय आठवणार असंच घरात सगळ्यांनी धरलेलं. चित्राबद्दल ऐकलं त्या दिवसापासून पणजीला रोज एकच स्वप्न पडू लागलं. तिची बोटीतून आलेली आजी उंबऱ्यावर येऊन उभी राहते, पुढे पान वाढलेलं आहे, पण तिला तोंड नाही म्हणून घास घेता येत नाही. ही गोष्ट घरोघरी गेली आणि आयांनी पोरं धाडायची बंद केली. बाकीच्या तासांना पोरं यायची, मराठीच्या तासाला फाटकाबाहेर जाऊन बसायची. बावीसांची नऊ झाली. मुलं उरली नाहीत की वर्ग बंद होतो आणि गुरुजींची बदली होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना स्वतःला तर सगळ्यात जास्त.

तरी हजेरी थांबली नाही. बुधवारी मी पडदीच्या अलीकडे वह्या तपासत होते. पलीकडे नऊ पोरं, मी स्वतः मोजलेली. हजेरी सुरू झाली आणि का कोण जाणे, मी लाल पेन्सिलीने समासात रेघा ओढत गेले. बावीस वेळा "हजर" आलं. हजर पोरांनी गैरहजरांच्या वतीने ओ दिली असणार, दुसरं काय? मी स्वतःला तसंच समजावलं. पण मग क्षणभर थांबून गुरुजींनी स्वतःच्या तावाला हाक मारली आणि त्याला कुणीच ओ दिली नाही. खरं सांगते, त्या बावीस हजेऱ्यांपेक्षा त्या गप्प बसण्यानेच माझ्या अंगावर काटा आला.

हेडमास्तरांनी बजावलं, शुक्रवारी दुपारपर्यंत भिंत रिकामी झाली पाहिजे, नाहीतर वर कळवावं लागेल. गुरुजी म्हणाले, अमावास्या मंगळवारी आहे. हेडमास्तर म्हणाले, शुक्रवार. मी मधे पडले, गुरुजींना बाजूला घेऊन चांगलं झापलं, की कागदापायी नोकरी घालवू नका, तुमचा वर्ग गेला तर या गावातली मराठी कोण शिकवणार? त्यांनी चष्मा पुसला. "मिस, पंधरवड्याला बोलावलेली माणसं आहेत ही. जेवायच्या आधी उठवू कशी?"

शुक्रवारी हेडमास्तर शिपायाला घेऊन आले. शिपायाने भिंत पाहिली आणि त्याची पाठ अचानक धरली. तेवढ्यात दारात काठी वाजली. सुनीताची आई हात धरून पणजीला आत आणत होती. गुरुजी पुढे झाले, माफी मागायला लागले. म्हातारीने काठीनेच त्यांना बाजूला सारलं आणि ती भिंतीपाशी गेली, एकेका तावापुढे थांबत. सुनीताच्या तावाशी आल्यावर लुगड्याच्या काठाला हात लावला. मग मागे न बघता तिने कोळसा मागितला. आयुष्यात पाटी न धरलेली बाई ती. आधी तिने तोंड काढलं, नुसती एक आडवी रेघ. मग हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. "आता जेव, बाय," ती म्हणाली.

मग तिला कोण थांबवणार? हा वरच्या वस्तीतल्यांचा आजा, ह्येच्या गालावर देवीचे वण. ही कायम रागावल्याली, हिच्या भुवया वर. लहानपणी पाहिलेली माणसं ती, तिने कुणाला विसरलंच नव्हतं. आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. ती सांगत गेली, पोरं काढत गेली. फाटकाबाहेरची पोरं खिडकीशी आली, मग आत आली. तिन्हीसांजेला कुणी दिवे लावत जावं तसा एकेक चेहरा उजळत गेला. लपवत नाही, मी हुंदके देऊन रडले.

शेवटचा ताव राहिला. हा कुनाचा, तिने विचारलं. गुरुजी म्हणाले, माझा, पण राहू दे, मला सांगणारं कुणी नाही. म्हातारी म्हणाली, मी तुज्या गावची न्हाय, मला ठावं न्हाय. गुरुजींनी मान हलवली आणि कागद काढायला हात वर नेला. तिने तो हात धरला. त्यांचा चष्मा उतरवला, हनुवटी वर करून त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघितलं, आणि कोळसा टेकवला. पसरट कान, एक भुवई खाली, वरचा ओठ जरा आत ओढलेला.

"ह्ये तोंड तू कुनाकडनं घेतलंस, पोरा? त्येचंच हाय ह्ये."

गुरुजी भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं, घसा साफ केला, "मंगळवार," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. सोमवारी बावीसच्या बावीस पोरं वर्गात होती. मंगळवारी प्रत्येकाने आपापला ताव गुंडाळून घरी नेला, पान वाढायला.

पुढे ते आणखी काही वर्षं आमच्या शाळेत होते. त्यांनी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर फार दिवस जगलेही नाहीत. खोली रिकामी करायला मीच गेले, दुसरं कोण होतं? तो ताव माझ्याकडे आला. माझ्या घरात त्याचं कुणी लागत नाही, नवऱ्याने विचारलंही, की हा आपला कोण? दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला मी तो समोर लावते आणि त्या एका तोंडापुढे केळीची दोन पानं मांडते.